चौदा नंबरचं ओके

"गेटवर एक माणूस आलाय. चौदा नंबर कोण, असं विचारतोय," सुपरवायझर म्हणाला आणि तिच्या टेबलावरच्या बेल्टांच्या ढिगाकडे बघत उभा राहिला, जणू चौदा नंबर त्या ढिगाखाली कुठंतरी सापडणार होता.

तिच्या हातात हुक होता. तिनं त्याची जीभ दाबली, सोडली. खट्. पुन्हा दाबली, सोडली. खट्. तिसऱ्यांदा दाबली आणि तशीच धरून ठेवली.

"मला विचारतोय?"

"चौदा तुम्हीच ना?"

सव्वीस वर्षं तीच होती. उंचावर काम करणाऱ्यांचे सेफ्टी बेल्ट त्या कारखान्यात बनत. रंगाऱ्यांचे, खांबावर चढणाऱ्या वायरमनचे, मोठ्या इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांचे. कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीच्या टोकाला हुक. एका खोलीत पट्टे शिवले जात, दुसरीत दोऱ्या जोडल्या जात, आणि शेवटी सगळं येऊन पडे ते तपासणीच्या खोलीत, चार टेबलांवर, चार बायकांपुढं. हुकाची जीभ, म्हणजे त्याचं तोंड मिटणारी स्प्रिंगची पट्टी, तीनदा दाबायची. तिन्ही वेळा ती आपली आपण मिटली तर बेल्टाला पुठ्ठ्याचं कार्ड बांधायचं आणि कार्डावर आपला शिक्का. गोल, लाकडी मुठीचा. वर ओके, खाली नंबर. शिक्का ज्याचा त्याचा. रजेवर जाताना तो कुलपात ठेवायचा, आणि माणूस निवृत्त झाला की त्याचा नंबरही निवृत्त. म्हणून बायका चारच असल्या तरी नंबर होते अकरा, चौदा, सोळा आणि एकोणीस. कँटीनवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना नंबरानंच ओळखत. नावानं हाक मारणारं घरी कुणी असेल म्हणावं, तर तिथं ती जास्त करून 'अगं' होती.

पण हे सगळं आतलं. बाहेरचं कुणी चौदा नंबरची चौकशी करत आलं, असं कधी झालं नव्हतं. बेल्ट विकत घेणारा माणूस पहिलं काम करतो ते कार्ड तोडून फेकून देण्याचं. ते जपून ठेवून त्यावरचा नंबर वाचायची वेळ माणसावर कधी येते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिनं जीभ सोडली. खट्. आवाज बरोबर होता, पण कार्ड बांधताना दोरीची गाठ दोनदा सुटली.

"साहेबांनी बोलावलंय आधी," सुपरवायझर म्हणाला. "त्या माणसाला बाहेरच बसवलंय."

साहेबांनी "बसा, चौदाताई" म्हटलं आणि ती उभीच राहिली, कारण साहेबांनी आजवर तिला कधी बसायला सांगितलं नव्हतं. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, अदबीनं बोलणारा माणूस. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर एक बेल्ट ठेवला होता. निळ्या रंगानं माखलेला.

"रंगारी आहे. बेल्ट घेऊन चार दिवस झाले होते. काम करताना हुक सुटला."

"पडला?"

"पडला म्हणजे, पाइप हातात आला म्हणून लटकला. मनगट मोडलंय. तसा बरा आहे." 'बरा' हा शब्द साहेबांनी घाईनं उरकला. "तुम्ही हुक बघा. स्प्रिंगमध्ये रंग किती गेलाय तो बघा. मग या फॉर्मवर दोन ओळी लिहा. मी स्वतः तपासून पास केला होता, दोष वापरातला दिसतो. खाली तुमची सही. संपला विषय."

तिनं हुक उचलला. पहिल्यांदा दाबला, खट्. दुसऱ्यांदा जीभ अर्ध्यावर थांबली, विचार केल्यासारखी, आणि मग सावकाश मिटली. तिसऱ्यांदा पुन्हा खट्. रंगामुळं अडत होती की स्प्रिंगच मुळात मेलेली होती? ज्या कानांनी लाखो हुक ऐकले, त्यांनी आज हात वर केले.

"मी काही खोटं लिहा म्हणत नाही," साहेब म्हणाले. "इतक्या वर्षांत तुमच्या नंबरचा एक बेल्ट परत आलेला नाही. तुम्हाला स्वतःवर विश्वास आहे ना?"

होता. अगदी त्या क्षणापर्यंत होता. मग साहेबांनी ते कार्ड पुढं सरकवलं. रंगाऱ्यानं खिशात ठेवलेलं, चौघडी घातलेलं. कडेला निळ्या अंगठ्याचा ठसा, मधोमध तिचा गोल शिक्का. ओके, चौदा. आणि खाली तिच्या हातची तारीख.

तारीख बघितली आणि तिला एकदम पायऱ्या आठवल्या.

त्या दिवशी दुपारी बारा-सव्वाबाराला शेजारणीचा फोन आला होता. नवरा जिन्यावरून पडला होता. शेवटच्या तीन पायऱ्या, एवढंच. घोटा सुजला होता आणि अपमान जास्त झाला होता. पण फोनवर शेजारीण फक्त "पडलेत, लगेच या" एवढंच म्हणाली होती, आणि ती हातातला हुक टाकून धावली होती. शिक्का मात्र कुलपात घालून. इतकं भान तिला होतं.

कार्डांचं भान नव्हतं.

कारण कार्डं सकाळीच शिक्के मारून तयार होती. हे नियमात कुठं नव्हतं, पण चारही बायका तसंच करत. दुपारी पंख्याखाली शाईचा पॅड सुकायचा, शिक्का फिकट उमटायचा, मग वरून ओरडा. म्हणून सकाळी पॅड ओला असतानाच दीडशे कार्डांवर ओके मारून गठ्ठा डब्याच्या झाकणाखाली ठेवायचा आणि दिवसभर एकेक बांधत जायचं. संध्याकाळी जितकी कार्डं उरतील तितकी फाडायची. ती न चुकता फाडायची. त्या दिवशी फाडायला ती नव्हतीच. निघाली तेव्हा झाकणाखाली चाळीसेक कार्डं असतील. दुसऱ्या दिवशी एकही नव्हतं. बेल्टही नव्हते, गाडी भरून गेली होती.

आणि तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या सोळानं तपासून बांधली असतील, असं स्वतःलाच सांगून टाकलं होतं. त्या 'असतील'वर पाच महिने निवांत झोप लागली होती.

"जरा वेळ द्या," ती म्हणाली. "त्या लॉटचे हुक बघते स्टोअरमध्ये उरलेत का."

"दोन वाजेपर्यंत द्या. त्याला दोनला उत्तर हवंय."

"कसलं उत्तर?"

"काहीतरी विचारायचंय म्हणतो. ते मी बघेन. तुम्ही फक्त सही करा."

डबा खाताना ती काही बोलली नाही, म्हणून बाकीच्या तिघी जास्त बोलल्या. गेटवरचा माणूस ही बातमी एव्हाना कारखानाभर झाली होती, पण तिच्या तोंडावर तो विषय काढायचा धीर कुणाला होईना. म्हणून अकरानं जुनाच वाद उकरून काढला. ओके आलं कुठून.

हा वाद त्या खोलीत वर्षानुवर्षं चालत आला होता. दिवसभर एकच शब्द मारत बसणाऱ्या माणसाला कधीतरी त्या शब्दाचं कूळ विचारावंसं वाटतंच. अकराचं म्हणणं, एक बिस्किटवाला होता, बिस्किटावर आपल्या नावाची दोन अक्षरं छापायचा, बिस्किटं चांगली होती म्हणून अक्षरं चालली. एकोणीसला तिच्या दिरानं सांगितलं होतं की रेल्वेत एक पार्सल क्लार्क होता, प्रत्येक गाठोड्यावर आपली दोन अक्षरं ओढायचा. सोळा म्हणायची, जंगलातल्या लोकांच्या भाषेतला शब्द आहे, गोऱ्यांनी तो ढापला आणि पुन्हा त्यांनाच शिकवला. आणि चौदाला पहिल्या दिवशी शिक्का हातात देताना मास्तरांनी, म्हणजे त्या वेळच्या म्हाताऱ्या फोरमननी, सांगितलं होतं ते वेगळंच. लढाईत छावणीवर संध्याकाळी फळा लावत. आज किती मेले. एकही मेला नसेल तर शून्य लिहीत आणि पुढं 'मेले'चं इंग्रजी अक्षर, के. शून्य मेले. तेच हे ओके. "आता तूच ठरव," मास्तर म्हणाले होते, "हा शिक्का कुठं मारायचा आणि कुठं नाही."

तिची मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकवते. दोन वर्षांपूर्वी मुलीनं हे ऐकलं आणि खो खो हसली. "आई, हे सगळं नंतर रचलेलं आहे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका शहरातल्या वर्तमानपत्रवाल्यांची चेष्टा होती ती. तेव्हा शब्द मुद्दाम अडाण्यासारखे लिहून त्यांची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर, हे ओ आणि केनं चुकीचं लिहिलं, झालं ओके. मग एका निवडणुकीत लोकांनी ते उचललं, मग तारवाल्यांनी. बाकीच्या टुमा मेल्या, ही राहिली."

तिला ते खरं वाटेना. मुलीवर विश्वास नव्हता असं नाही, पण मुलीनं इतकी वर्षं तो शिक्का मारला नव्हता. तिनं चार शनिवार सार्वजनिक वाचनालयात जाऊन जाडजूड कोश उघडले. शिक्षण नववीपर्यंतचं. एकेका ओळीला बोट लावत, मुलीला फोन करत करत तिनं ते वाचलं आणि मुलगीच बरोबर निघाली. वर आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती मात्र तिची तिलाच. ओके म्हणजे चांगलं, असं कुठंच नव्हतं. चांगलं असेल तर माणूस चांगलं म्हणतो. ओके म्हणजे हरकत नाही. आता यावर आणखी विचारू नका, पुढं चला. घरी नवऱ्याला भाजीत मीठ कसं आहे विचारलं की तो ओके म्हणायचा, आणि तिला ते का झोंबायचं हे तिला तेव्हा कळलं.

"आज गप्प का हो, ताई?" सोळानं शेवटी विचारलं. "तुमचे ते शून्य मेले काढा की."

चौदानं डबा मिटला. "अगं, जरा बाहेर ये."

दोघी पाण्याच्या टाकीमागं गेल्या. सोळा तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ, हातानं चटपटीत. तारीख ऐकल्यावर फटकळपणा जागच्या जागी विरला.

"कार्डं तू बांधलीस ना?"

"मग कोण बांधणार? गाडी दारात लागली होती, ताई. तो डिस्पॅचवाला तीनदा आत येऊन गेला. पंचवीस मिनिटांत चाळीस बेल्ट."

"तपासलेस?"

"तपासले."

"सगळे?"

सोळा टाकीच्या नळाकडे बघत राहिली. "पहिले वीस तरी नक्की. मग तीनदाच्या ऐवजी एकदा दाबत गेले. शेवटी शेवटी..." ती थांबली. "आता मला काय आठवणार? पाच महिने झाले. तुम्ही तरी दुसऱ्या दिवशी विचारायचं होतं."

"हो. विचारायचं होतं."

हे असं पटकन कबूल केल्यामुळं सोळाला पुढं भांडता येईना. ती पदराशी चाळा करत राहिली. "साहेब लिहा म्हणतायत ना? मग लिहा. रंग आहे स्प्रिंगमध्ये, मी पण बघितलंय, सुपरवायझरनं दाखवलं. नऊ महिने राहिलेत तुमचे निवृत्तीला. सव्वीस वर्षांचं सगळं पाण्यात घालणार का?"

"आणि स्प्रिंगच खराब असेल तर?"

"असेल तर, असेल तर. नसेल तर?"

चौदाला हसू आलं. 'असेल'वर आपण पाच महिने काढले, आता ही 'नसेल'वर नऊ काढा म्हणते.

"माझं नाव घेणार का?" सोळानं हळूच विचारलं.

"नंबर म्हण की. नाव कुणाला माहितीय तुझं इथं."

सोळा हसली नाही.

स्टोअरमध्ये त्या लॉटचा एकही हुक उरला नव्हता. पावणेदोनला ती टेबलाशी येऊन बसली. तिनं फॉर्म वाचला. 'मी स्वतः तपासून'. त्यातलं 'मी' वाचलं, 'स्वतः' वाचलं. मग नुसतीच घड्याळाकडे बघत बसली. नोकरी गेली तर घरी सांगायचं कसं, हा विचार आला. नवरा काय म्हणेल, हे तर माहीतच होतं. तो ओके म्हणेल.

दोनला पाच कमी असताना ती उठली आणि साहेबांच्या केबिनऐवजी बाहेरच्या बाकाकडे गेली.

रंगारी पन्नाशीचा होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. प्लास्टर पांढरं स्वच्छ आणि बोटांच्या नखांत अजून निळा रंग. मारामारीच्या तयारीनं आलेला माणूस ती मनात धरून आली होती. हा तर दवाखान्यात नंबर लागायची वाट बघितल्यासारखा बसला होता.

"चौदा नंबर मीच," ती म्हणाली.

तो उभा राहिला. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला वाटलं मशीन असेल," तो म्हणाला. मग बोलला ते चुकीचं वाटून घाईनं म्हणाला, "तसं नाही. आम्हाला काय माहीत असणार."

"फार लागलं का?"

"हाड आहे, जुळेल. मी भांडायला नाही आलो, बाई. ते ठेकेदार आणि तुमचे साहेब बघून घेतील." त्यानं डाव्या हातानं खिशातून फोन काढला, वेळ बघितली. "आम्ही पाच जण आहोत. पाचही बेल्ट एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले. एकसारखे. मी पडल्यापासून बाकीचे चौघं वर जायला तयार नाहीत. आज ठेकेदार म्हणाला, दोननंतर वर चढा नाहीतर घरी जा, दुसरी माणसं आहेत. तर मी त्यांना म्हटलं, थांबा, मी विचारून येतो. एवढंच विचारायचंय. तुमचा शिक्का होता म्हणून तुम्हाला. ते बेल्ट वापरले तर चालतील का?"

"तो रंग?" तिनं विचारलं. "स्प्रिंगमध्ये रंग आधीपासून होता?"

"रंग पडताना सांडला. डबा कमरेला होता. असं मला वाटतं. पण तेव्हा मी काय बघत होतो म्हणाल तर मला सांगता येणार नाही."

तोही शपथ घेत नव्हता. त्यानं खोटं बोलायला हवं होतं, म्हणजे तिला सोपं गेलं असतं.

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले होते. "चौदाताई, आत या."

"आले." ती हलली नाही. तिनं रंगाऱ्याकडे बघितलं. त्याच्या फोनवर दोन वाजून एक मिनिट झालं होतं. एक शब्द म्हटला की झालं असतं. तो एकच शब्द तिला अख्ख्या जन्मात नीट येत होता.

"नका वापरू," ती म्हणाली.

"खराब आहेत?"

"ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी मी बारालाच घरी गेले होते. कार्डांवर शिक्के सकाळीच मारून ठेवले होते. माझा शिक्का आहे, पण हे हुक माझ्या हातून गेलेत का, ते मला माहीत नाही. म्हणून नका वापरू. चौघांनाही सांगा."

रंगाऱ्यानं डाव्या हातानंच नंबर लावला. मग तो बाजूला वळून फोनवर बोलू लागला. "चढू नका. हो. नाही, त्या बाईच सांगतायत. असू दे, ठेकेदाराला मी बघतो."

केबिनमध्ये गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "याचा अर्थ कळतो तुम्हाला? त्या दिवसाचा तुमच्या शिक्क्याचा सगळा माल परत बोलवावा लागेल. दीडशे बेल्ट."

"हो."

"कार्डं कुणी बांधली?"

"शिक्का कुणाचा आहे ते बघा."

"मी विचारलं, बांधली कुणी?"

"साहेब, मी मारून ठेवली नसती तर कुणीच बांधली नसती."

साहेबांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. "चौकशी होईपर्यंत तपासणीच्या टेबलावर बसू नका. शिक्का इथं ठेवा."

तिनं तो एप्रनच्या खिशातून काढला. मूठ तिच्या अंगठ्यापाशी इतकी झिजली होती की टेबलावर ठेवल्यावर तो एका बाजूला कलंडला.

"आता दुकानदारांना फोन कोण करणार?" साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "ऑफिसात आज माणूस नाही."

"मी करते."

डिस्पॅचच्या यादीत तीन दुकानं होती. पहिल्या दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं, "ओके, ओके" म्हणाला आणि फोन ठेवला. ती रिसीव्हर हातात धरून बसली. मग तिनं पुन्हा तोच नंबर फिरवला.

"तुम्ही ओके म्हणालात. पण म्हणजे काय करणार?"

"अहो, म्हणजे कळलं."

"बेल्ट आत्ता कुठं आहेत?"

"मांडणीवर आहेत. बघतो ना नंतर."

"आत्ता काढून आतल्या खोलीत ठेवा. मी धरते फोन."

"तुम्ही धरता?"

"हो, धरते."

पलीकडे कुणीतरी वैतागून स्टूल ओढल्याचा आवाज आला. त्यानं बेल्ट मोजत उतरवले. बावीस होते. विकलेल्यांची बिलं शोधायला लावली, तेव्हा ठेकेदारांचे नंबर मिळाले. ठेकेदारांनी चार शिव्या देऊन माणसांचे नंबर दिले. यादी वाढत चालली. तीनच्या सुमारास दार ढकलून सोळा आत आली. तिनं काही न बोलता कोपऱ्यातली खुर्ची ओढली, यादीचं दुसरं पान घेतलं आणि टेबलावरचा दुसरा फोन आपल्याकडे सरकवला.

"तुला कुणी सांगितलं?" चौदानं विचारलं.

"कुणी नाही. साहेबांना सांगून आले, बांधली मी म्हणून." तिनं नंबर फिरवला. तिकडं घंटी वाजत असताना म्हणाली, "आता लगेच माझ्याकडे असं बघू नका. हॅलो?"

साडेपाचच्या सुमारास चौदानं एक नंबर लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला. पलीकडे वारा इतका होता की माणसाचा आवाज तुटक येत होता.

"कोण?"

"सेफ्टी बेल्टच्या कारखान्यातून बोलतेय."

"बेल्ट नकोय. आहे माझ्याकडे."

"विकायला नाही केला फोन. तुमच्याकडे आहे त्याचंच बोलायचंय. त्याच्या कार्डावर चौदा नंबर होता का?"

"कार्ड कोण बघतं, बाई."

"तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"वर."

"किती वर?"

"सहावा. काचा पुसतोय. का?"

तिनं सांगितलं. एका दमात, पण सावकाश, प्रत्येक शब्द वाऱ्यातून पोचेल असा. पलीकडे नुसता वारा ऐकू आला.

"ओके," तो म्हणाला. "संध्याकाळी बदलतो."

"संध्याकाळी नाही. आत्ता उतरा."

"दोनच खिडक्या राहिल्यात."

"राहू देत. कशावरून उतरता तुम्ही? शिडी आहे?"

"भिंतीला लोखंडी शिडी आहे. ओके, उतरतो. ठेवा आता."

"ठेवत नाही. फोन बंद न करता खिशात टाका. बेल्टाच्या भरवशावर राहू नका, दोन्ही हातांनी धरून उतरा. मी ऐकतेय."

थट्टा आहे की काय, ते तो ताडून बघत असावा. मग कापडाची सळसळ झाली, आणि तिच्या कानात एका अनोळखी माणसाचा सदरा घासू लागला. बादली कुठंतरी ठेवली गेली. मग लोखंडावर बूट. एक. थोड्या वेळानं दुसरा. सोळानं आपला फोन ठेवला आणि ती तिच्याकडे बघू लागली. साहेब दारात येऊन काही विचारणार होते, तिनं न वळता हात वर केला आणि साहेब तिथंच थांबले.

बूट वाजत राहिले. मध्येच एकदा थांबले. तिच्या बोटांनी टेबलाची कड पकडली. वारा कमी झाला, एक गाडी गेली, माणूस खोकला. पुन्हा बूट. मोजायचं नाही असं ठरवूनही ती मोजत होती, आणि कितीपर्यंत मोजायचं हे तिला माहीत नव्हतं.

मग लोखंड संपलं आणि पायाखाली खडी करकरली. सदरा पुन्हा घासला.

"आहात का अजून?"

"आहे."

"आलो खाली."

"बरं," ती म्हणाली.

यादीत प्रत्येक नावापुढं 'कळवले' असा रकाना होता आणि त्यात सोळानं आपल्या पानावर ओळीनं बरोबरच्या खुणा केल्या होत्या. चौदानं पेन उचललं. त्या माणसाच्या ओळीपुढं, रकान्याबाहेर जाईल इतक्या मोठ्या अक्षरांत, तिनं लिहिलं, 'उतरले'. मग पुढच्या नंबरावर बोट ठेवलं.